काँक्रीट खराब करणाऱ्या अभिक्रिया आणि त्यांतून तयार होणारे स्फटिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तडे गेलेल्या काँक्रीटचे नमुने प्रयोगशाळेत येतात, तेव्हा त्यांच्यासोबत काही प्रश्नही हमखास येतात. संरचनेची जबाबदारी असलेले अभियंते, या विषयात नव्याने काम सुरू करणारे विद्यार्थी आणि अहवाल वाचून निर्णय घ्यावा लागणारे अधिकारी या सर्वांना उपयोगी पडतील अशी त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

काँक्रीटची हानी करणाऱ्या अभिक्रियांतून कोणते स्फटिक तयार होतात?

सल्फेटच्या अभिक्रियेतून मुख्यतः एट्रिंगाइट (कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सल्फेट आणि भरपूर पाणी असलेला सुयांसारखा स्फटिक) आणि जिप्सम (पाणी धरून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट) तयार होतात. थंड आणि ओलसर परिस्थितीत कार्बोनेटही उपलब्ध असेल, तर थॉमसाइट (कॅल्शियम, सिलिकॉन, सल्फेट आणि कार्बोनेट असलेला स्फटिक) तयार होतो. खडीतील अभिक्रियाशील सिलिका आणि सिमेंटमधील अल्कली यांच्या अभिक्रियेतून कॅल्शियम, पोटॅशियम आणि सोडियम असलेले सिलिकेट पदार्थ बनतात. त्यांपैकी काही अस्फटिकी, तर काही थरांची रचना असलेले स्फटिकी असतात. मॅग्नेशियमयुक्त पाण्याच्या संपर्कात ब्रुसाइट (मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड) तयार होतो. क्लोराइड आत शिरल्यावर फ्रीडेलचे लवण (क्लोराइड असलेले कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे संयुग) बनते. मात्र हे लवण स्वतः काँक्रीट फोडत नाही, उलट थोडे क्लोराइड बांधून ठेवते. या यादीतील एट्रिंगाइटबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत आणि अल्कली-सिलिका अभिक्रियेच्या स्फटिकांबद्दल सर्वांत नवी माहिती हाती आली आहे, म्हणून पुढील उत्तरांत या दोहोंना अधिक जागा दिली आहे.

नमुन्यात एट्रिंगाइट सापडला, म्हणजे हानीचे कारण सापडले का?

नाही. या क्षेत्रातील सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष याच एका गृहीतकातून निघतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एट्रिंगाइट प्रत्येक सामान्य पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटमध्ये पहिल्या काही तासांतच तयार होतो. सिमेंट एकदम घट्ट होऊ नये म्हणून त्यात जिप्सम मिसळलेले असते आणि त्याची सिमेंटमधील ॲल्युमिनेटशी (ॲल्युमिनियमयुक्त घटकाशी) अभिक्रिया होऊनच हा एट्रिंगाइट बनतो. त्या वेळी मिश्रण अजून मऊ असल्यामुळे त्यातून कोणताही अपाय होत नाही. पुढे काँक्रीट वर्षानुवर्षे ओले राहिले, तर हाच एट्रिंगाइट पाण्यात थोडाथोडा विरघळतो आणि जिथे मोकळी जागा मिळेल तिथे, म्हणजे हवेच्या पोकळ्यांत, खडीभोवतीच्या फटींत किंवा दुसऱ्याच कारणाने पडलेल्या तड्यांत, मोठ्या सुयांच्या रूपात पुन्हा जमा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली या सुया फार ठळक दिसतात. परंतु त्या मोकळ्या जागेत मोकळेपणाने वाढलेल्या असतात, त्यामुळे त्यांनी आजूबाजूच्या पदार्थावर दाब दिलेला असण्याची शक्यता फार कमी असते. म्हणजेच तडा आधी पडला आणि स्फटिक नंतर आले, असा क्रम येथे असू शकतो.

जर्मन सिमेंट-रसायनज्ञ विल्हेल्म मिखाएलिस यांनी १८९२ मध्ये सल्फेटने बिघडलेल्या सिमेंटमधील या पदार्थाला सिमेंटचा जिवाणू म्हटले होते. त्या नावामुळे एट्रिंगाइट म्हणजे रोग असा समज रूढ झाला आणि तो आजही पूर्णपणे गेलेला नाही. अभ्यासकाने विचारायचे ते तीन प्रश्न असे: स्फटिक नेमका कुठे आहे, तो केव्हा तयार झाला, आणि वाढताना तो कोंडलेला होता की नव्हता?

स्फटिक वाढल्यामुळे काँक्रीट फुटते तरी कसे?

नव्या पदार्थाचे आकारमान जास्त, म्हणून काँक्रीट फुटते, हे जुने स्पष्टीकरण अपुरे आहे. मोनोसल्फेट (एट्रिंगाइटपेक्षा कमी सल्फेट असलेले त्याच घटकांचे संयुग) आणि जिप्समपासून एट्रिंगाइट बनताना घन पदार्थाचे आकारमान दीड पटीहून अधिक होते हे खरे. पण त्यात शोषले जाणारे पाणीही हिशेबात धरले, तर एकूण आकारमान किंचित घटते. मग दाब कुठून येतो? तो येतो अतिसंपृक्ततेतून. छिद्रातील द्रावणात विरघळलेल्या आयनांचे प्रमाण स्फटिकाच्या विद्राव्यतेपेक्षा जास्त असेल आणि स्फटिक छिद्राच्या भिंतीला टेकलेला असूनही वाढू पाहत असेल, तर तो त्या भिंतीवर दाब देतो. या दाबाचे गणित कोरेन्स यांच्या समीकरणाने मांडले जाते.

आकडे घालून पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते. एट्रिंगाइटचे मोलर आकारमान सुमारे ७०७ घन सेंटिमीटर आहे. २५ अंश सेल्सिअसला आयन-गुणाकार (द्रावणातील आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार) समतोलाच्या १० पट असेल, तर दाब सुमारे ८ मेगापास्कल येतो. सर्वसाधारण काँक्रीटची ताणशक्ती साधारण २ ते ५ मेगापास्कल असते. मात्र एवढा दाब टिकून राहण्यासाठी स्फटिक काही दहा नॅनोमीटरच्या छिद्रांत अडकलेले असावे लागतात. मोठ्या पोकळीत ते पसरून वाढतात आणि अतिसंपृक्तता ओसरते. म्हणून हानिकारक एट्रिंगाइट सिमेंट पेस्टच्या (खडी-वाळूला बांधून ठेवणाऱ्या, सिमेंट आणि पाण्यापासून बनलेल्या भागाच्या) अंतर्भागात विखुरलेला आणि जवळजवळ अदृश्य असतो, तर छायाचित्रात सुंदर दिसणारा एट्रिंगाइट बहुधा निरुपद्रवी असतो.

उशिरा तयार होणारा एट्रिंगाइट म्हणजे काय, आणि तो प्रयोगशाळेत कसा ओळखतात?

काँक्रीट कोवळे असताना त्याचे तापमान साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर सुरुवातीचा एट्रिंगाइट टिकत नाही. त्यातील सल्फेट कॅल्शियम-सिलिकेट-हायड्रेटच्या, म्हणजे पेस्टला ताकद देणाऱ्या मुख्य पदार्थाच्या, पृष्ठभागावर अधिशोषित होते (चिकटून राहते), काही मोनोसल्फेटमध्ये जाते. पुढे काँक्रीट थंड होऊन ओलाव्यात राहिले की हे सल्फेट हळूहळू सुटते आणि कडक झालेल्या पेस्टच्या आत, अतिशय बारीक छिद्रांत, एट्रिंगाइट पुन्हा बनू लागतो. वाफेने परिपक्व केलेले रेल्वेचे काँक्रीट स्लीपर आणि स्वतःच्याच उष्णतेने तापणारे जाड ओतकाम यांत हा प्रकार प्रामुख्याने आढळला आहे. लक्षणे दिसायला महिने लागतात, कधीकधी कित्येक वर्षे.

ओळख पटवताना दोन पुरावे जोडून पाहावे लागतात. पहिला पुरावा असा की फुगलेली पेस्ट खडीपासून सुटते आणि खडीच्या कणाभोवती रिंगणासारखी फट पडते. पेस्ट एकसारखी फुगली असेल, तर ही फट मोठ्या कणाभोवती रुंद आणि लहान कणाभोवती अरुंद असते. फटीत नंतर एट्रिंगाइट भरतो, पण फट उघडण्याचे काम त्याने केलेले नसते. दुसरा पुरावा रासायनिक विश्लेषणातून मिळतो. कॅल्शियम-सिलिकेट-हायड्रेटवर इलेक्ट्रॉन किरण टाकून अनेक बिंदूंवर गंधक, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम मोजतात आणि त्यांची गुणोत्तरे आलेखावर मांडतात. बिंदूंचा पसारा एट्रिंगाइटच्या दिशेने झुकलेला दिसला, तर पेस्टमध्ये तो बारीक स्वरूपात मिसळलेला आहे असे समजते. तापमानाची नोंद उपलब्ध असेल, तर ती मागवायलाच हवी. तिच्यावाचून निदान अर्धवट राहते.

नमुना कसा काढावा, कापावा आणि सुकवावा?

या टप्प्यावरची हयगय पुढे कोणत्याही उपकरणाने भरून काढता येत नाही.

एट्रिंगाइटच्या वजनात जवळजवळ ४६ टक्के पाणी असते आणि ते सैलपणे धरलेले असते. नमुना नेहमीच्या सवयीने १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवला, की एट्रिंगाइटची स्फटिक-रचना मोडते आणि क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकावरून क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात ते पाहून तो ओळखण्याच्या पद्धतीत) तो दिसेनासा होतो. तीव्र निर्वातातही हेच होते. नंतर अहवालात एट्रिंगाइट आढळला नाही असे लिहिले जाते आणि तो प्रयोगशाळेनेच नष्ट केल्याची कोणाला शंकाही येत नाही. म्हणून दळण्याआधी पाणी आयसोप्रोपॅनॉलने हळूहळू बदलून घ्यावे आणि नमुना सौम्य तापमानाला थोडाच वेळ सुकवावा. दळताना पात्र तापू देऊ नये. थोडे थोडे, थांबून थांबून दळणे चांगले.

कोअर (काँक्रीटमधून छिद्रण करून काढलेला दंडगोल नमुना) काढताना पाण्याचा वापर टाळणे सहसा शक्य नसते. पण प्रयोगशाळेत पुढचे कापणे आणि पॉलिश करणे तेल, इथिलीन ग्लायकॉल किंवा अल्कोहोल वापरून करता येते. पाण्याने जिप्सम आणि अल्कली असलेले पदार्थ विरघळून निघतात, आणि अल्कली-सिलिका अभिक्रियेच्या पदार्थातील पोटॅशियम-सोडियमचे प्रमाण मोजायचे असेल, तर ही हानी भरून येत नाही. कोअर काढल्याबरोबर प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून हवाबंद ठेवावा. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे एट्रिंगाइटचे कॅल्साइट, जिप्सम आणि ॲल्युमिनाच्या जेलमध्ये रूपांतर होते. फोडलेला किंवा दळलेला नमुना वर्षभर उघडा पडून राहिला असेल, तर त्यात सापडलेले जिप्सम मूळचेच होते असे सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. नमुना केवळ सर्वांत खराब भागातून घेऊ नका. त्याच ओतकामाच्या शाबूत भागातील एक तुकडाही सोबत आणा. तुलनेसाठी शाबूत काँक्रीट नसेल, तर नेहमी असणारे स्फटिक कोणते आणि नवे कोणते हे वेगळे करणे फार अवघड जाते.

क्ष-किरण विवर्तनाने एट्रिंगाइट आणि थॉमसाइट वेगळे ओळखता येतात का?

येतात, पण सावधपणे. दोघांचीही रचना खांबांसारखी आणि एकमेकांशी मिळतीजुळती असते. तांब्याच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या विवर्तनाच्या आलेखात एट्रिंगाइटचे पहिले शिखर सुमारे ९.१ अंशांवर आणि थॉमसाइटचे सुमारे ९.२ अंशांवर येते. फरक इतका लहान आहे की नमुना उपकरणात किंचित वर-खाली बसला, तरी एकाची जागा दुसरा घेऊ शकतो. म्हणून पुढची शिखरे पाहावी लागतात. एट्रिंगाइटचे १५.८ आणि २२.९ अंशांवरील शिखर, तर थॉमसाइटचे १६.१ आणि २६.१ अंशांवरील शिखर यांतून निर्णय घेता येतो. वाळूतील क्वार्ट्झचे २६.६ अंशांवरील शिखर अत्यंत उंच असल्यामुळे शेवटचे शिखर त्याच्या पायथ्याशी दडते, हेही लक्षात ठेवावे. शिवाय दोघांचे मिश्र स्फटिकही बनतात आणि त्यांची शिखरे मधल्या जागी येतात.

शंका उरली, तर रामन वर्णपट (नमुन्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाचा वर्णपट) उपयोगी पडतो. थॉमसाइटमध्ये सिलिकॉनभोवती सहा हायड्रॉक्सिल गट असतात, ही खनिजांमध्ये विरळ असलेली मांडणी आहे, आणि तिचे शिखर ६५८ प्रति सेंटिमीटरच्या आसपास येते. एट्रिंगाइटमध्ये हे शिखर नसते.

थॉमसाइटची वेगळी काळजी का करावी?

कारण तो फुगवण्यापेक्षा पोखरण्याचे काम जास्त करतो. एट्रिंगाइटला ॲल्युमिनियम लागते, ते संपले की अभिक्रिया थांबते. थॉमसाइट मात्र सिलिकॉन घेतो, म्हणजे काँक्रीटला ताकद देणाऱ्या कॅल्शियम-सिलिकेट-हायड्रेटवरच जगतो. परिणामी पेस्ट पांढरट, मऊ लगद्यासारखी होते. १९९८ मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात एम-५ महामार्गाच्या पुलांचे पाये उघडले गेले, तेव्हा त्यांत हा प्रकार आढळला. भरावातील चिकणमातीत असलेले पायराइट (लोहाचे सल्फाइड) हवा-पाण्याने ऑक्सिडाइज होऊन त्यातून सल्फेट तयार झाले होते. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली ही अभिक्रिया सहज होते, पण त्याहून उबदार ठिकाणी ती होतच नाही असे समजू नये.

अल्कली-सिलिका अभिक्रियेचा पदार्थ जेल आहे की स्फटिक?

दोन्ही. १९४० मध्ये थॉमस स्टँटन यांनी कॅलिफोर्नियातील काँक्रीटमध्ये ही अभिक्रिया प्रथम मांडली, तेव्हापासून तिच्या पदार्थाला जेल म्हणण्याची प्रथा पडली. पाणी शोषून फुगणारे जेल, त्याचा दाब आणि मग तडे, असे चित्र पाठ्यपुस्तकांत रुजले. बांधकामातून काढलेल्या खडीच्या कणांतील तडे बारकाईने पाहिले, तर मात्र वेगळी माहिती मिळते. खडीच्या आत, जुन्या तड्यांच्या मध्यभागी, हा पदार्थ पाकळ्यांसारख्या पातळ पत्र्यांच्या गुच्छात वाढलेला असतो आणि स्पष्टपणे स्फटिकी असतो. नुकत्या पडलेल्या अरुंद तड्यांत आणि अभिक्रियेच्या आघाडीवर तो अस्फटिकी असतो. तड्याने खडी ओलांडून पेस्टमध्ये प्रवेश केला, की त्यात कॅल्शियम वाढत जाते.

हा स्फटिकी पदार्थ बराच काळ ओळखू येत नव्हता, कारण तो अगदी थोडा असतो आणि तोही काही मायक्रॉन रुंदीच्या तड्यांत. संपूर्ण काँक्रीट दळून त्याचे विवर्तन घेतले, तर क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या शिखरांखाली तो बुडून जातो. सिंक्रोट्रॉनचा (अतिशय तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या कणत्वरकाचा) मायक्रॉनभर रुंदीचा क्ष-किरण थेट तड्यावर टाकण्याची सोय झाली, तेव्हा ही अडचण दूर झाली. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी या मार्गाने दाखवून दिले की हा थरांचा सिलिकेट असून त्याची रचना श्लिकोव्हाइट या खनिजासारखी आहे. त्याच्या थरांतील अंतर सुमारे १.२ ते १.३ नॅनोमीटर असते. खडीच्या आतील पदार्थात कॅल्शियम आणि सिलिकॉन यांचे गुणोत्तर ०.२५ च्या आसपास असते, आणि पोटॅशियम व सोडियम मिळून सिलिकॉनशी जवळपास तेवढेच गुणोत्तर भरते.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थरांची रचना म्हटली की चिकणमातीप्रमाणे हाही पदार्थ थरांमध्ये पाणी घेऊन फुगत असेल, असा अंदाज बांधणे स्वाभाविक होते. परंतु कृत्रिमरीत्या बनवलेल्या स्फटिकांची आर्द्रता कोरडेपणापासून जवळजवळ संपृक्ततेपर्यंत बदलून थरांचे अंतर मोजले, तेव्हा ते अंतर म्हणण्यासारखे वाढले नाही. त्यामुळे निदान स्फटिकी पदार्थाच्या बाबतीत फुगण्याचे साधे स्पष्टीकरण टिकत नाही, आणि दाबाचे मूळ अस्फटिकी पदार्थात, किंवा बंदिस्त जागेत नवा पदार्थ तयार होण्याच्या प्रक्रियेतच शोधावे लागते. या प्रश्नावर संशोधकांत अजून एकमत झालेले नाही.

हे पदार्थ प्रयोगशाळेत मुद्दाम का बनवतात?

काँक्रीटमधून शुद्ध नमुना पुरेशा प्रमाणात वेगळा काढता येत नाही, म्हणून. विद्राव्यता, घनता, कडकपणा, आर्द्रतेला मिळणारा प्रतिसाद हे सगळे मोजायला शुद्ध पदार्थ ग्रॅमभर तरी लागतो.

एट्रिंगाइट बनवणे तुलनेने सोपे आहे. ॲल्युमिनियम सल्फेट आणि चुना कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेल्या पाण्यात, नायट्रोजनच्या वातावरणात, योग्य प्रमाणात ढवळत ठेवले की तो तयार होतो. मात्र द्रावणाचा पीएच साधारण १०.७ च्या खाली गेला, तर तो टिकत नाही. थॉमसाइटला ५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान आणि कित्येक महिन्यांचा धीर लागतो. अल्कली-सिलिका अभिक्रियेचा पदार्थ सिलिका, चुना आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून करतात. कॅल्शियम थोडे जास्त झाले तर नेहमीचे कॅल्शियम-सिलिकेट-हायड्रेटच हाती येते, आणि अल्कलीचे प्रमाण चुकले तर सिलिका नुसतीच विरघळून राहते.

८० अंश सेल्सिअसच्या चाचणीत बनणारे पदार्थ प्रत्यक्ष बांधकामातल्यासारखेच असतात का?

पूर्णपणे नाही. खडीच्या जलद चाचणीत मॉर्टरचे दांडे ८० अंश सेल्सिअसला सोडियम हायड्रॉक्साइडच्या एक नॉर्मल द्रावणात १४ दिवस ठेवतात. कृत्रिम संश्लेषणात असे दिसले आहे की ८० अंशांना मोठे, नीट बांधलेले श्लिकोव्हाइटसारखे स्फटिक मिळतात, तर ४० अंशांना मिळणारा पदार्थ त्याच कुळातला असूनही नॅनोमीटर आकाराचा आणि थरांचे अंतर थोडे कमी असलेला असतो. शिवाय चाचणीत सोडियमचा भरपूर पुरवठा असतो, तर बांधकामातील पदार्थात बहुधा पोटॅशियम अधिक असते. खडी निवडण्यासाठी ही चाचणी उपयुक्त आहे. पण तिच्यातून काढलेल्या नमुन्याची छायाचित्रे दाखवून एखाद्या जुन्या पुलातील पदार्थ असाच असणार, असे म्हणू नये. तसे म्हणायचे असेल तर पुलातून कोअर काढावा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी फोडलेला पृष्ठभाग घ्यावा की पॉलिश केलेला?

मी पॉलिश केलेल्या पृष्ठभागापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरतो. फोडलेल्या तुकड्यावर स्फटिकांचे आकार छान दिसतात, पण काँक्रीट नेहमी सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे आधीच्या तड्यांतून आणि पोकळ्यांतूनच फुटते. तिथे नंतर जमा झालेले स्फटिक असायचेच. त्यामुळे त्यांचे प्रमाण आहे त्यापेक्षा फार मोठे वाटते. रेझिनने भरून पॉलिश केलेल्या छेदात मात्र तडा कुठून निघाला आणि कशातून गेला हे दिसते. अल्कली असलेला पदार्थ इलेक्ट्रॉन किरणाखाली पटकन बिघडतो आणि त्यातील सोडियम-पोटॅशियम बाजूला सरकते, म्हणून विद्युतप्रवाह कमी ठेवावा आणि एकाच बिंदूवर फार वेळ थांबू नये. तड्याची रुंदी दोन मायक्रॉनपेक्षा कमी असेल, तर शेजारच्या खडीतील सिलिकॉनही मोजणीत मिसळते.

अल्कली-सिलिका अभिक्रिया ओळखायला युरेनिल ॲसिटेटची चाचणी पुरेशी आहे का?

नाही. हे रसायन लावलेल्या पृष्ठभागावर अतिनील प्रकाशात हिरवट-पिवळी चमक दिसली, तर संशयित जागा झटकन कळतात, एवढाच तिचा उपयोग. चमकणारी प्रत्येक जागा हानीची नसते. शिवाय हे रसायन विषारी आणि किरणोत्सारी असल्यामुळे त्याची हाताळणी आणि विल्हेवाट नियमांनुसारच करावी.

खडीतील लोहाच्या सल्फाइडमुळेही हे स्फटिक बनतात का?

होय. पायरोटाइट (लोहाच्या सल्फाइडचे एक खनिज) असलेल्या खडीत सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन काँक्रीटच्या आतूनच सल्फेट तयार होते. कॅनडातील त्रोआ-रिव्हिएर परिसरात घरांचे पाये यामुळे तडकले. अशा नमुन्यात गंजासारखे लोह-हायड्रॉक्साइड, जिप्सम, एट्रिंगाइट आणि कधी थॉमसाइटही एकत्र आढळतात. म्हणून सल्फेट सापडले की ते बाहेरून आले असेल असे न धरता, पृष्ठभागापासून आतपर्यंत त्याचे प्रमाण कसे बदलते हे आधी मोजावे.

अहवालात निष्कर्ष कसा लिहावा?

सापडलेल्या प्रत्येक स्फटिकासमोर तो कोणत्या जागी होता, कोणत्या पद्धतीने ओळखला आणि नमुना कसा सुकवला होता हे लिहावे. दिसलेले आणि त्यावरून अनुमान केलेले, दोन्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवावे. एकाच काँक्रीटमध्ये अल्कली-सिलिका अभिक्रिया आणि उशिराचा एट्रिंगाइट एकत्र असणे दुर्मिळ नाही. अशा वेळी कोणते तडे कोणाला छेदून गेले आहेत यावरून क्रम लावता येतो, आणि तो लावता आला नाही तर अहवालात तसे स्पष्ट लिहावे. विवर्तनात एखादा पदार्थ दिसला नाही, तर तो नाही असे न लिहिता त्या मोजणीची शोधमर्यादा द्यावी. काँक्रीटसारख्या मिश्र पदार्थात ती बहुधा एक टक्क्याच्या आसपास असते, आणि पेस्ट फाडायला पुरेसा असलेला बारीक एट्रिंगाइट तिच्या अगदी जवळपास असू शकतो.